एका तासाचं विमान

१

बुधवारी दुपारी साडेतीनले कळलं का पंजाबरावांच्या शेडनेटातून नराची तीन झाडं गेली. चार वाजेपर्यंत चोर कोण तेही गावानं ठरवून टाकलं. आमच्या देऊळघाटाले एवढा उरक दुसऱ्या कोणत्या कामात नाही. नळाची फुटलेली लाइन आठ महिन्यांपासून तशीच वाहून राह्यली.

चोर ठरली ताहेरा.

आता नराची झाडं म्हणजे काय ते आधी सांगते. पंजाबराव एका कंपनीसाठी मिरचीचं संकरित बियाणं तयार करतात. मोठ्या शेडनेटात मादीची झाडं. चौदा बाया सकाळपासून तिथं मान मोडून काम करतात. एकेका फुलाले नराची पावडर बोटानं लावायची, अन् लावलं का त्या फुलाले दोरा बांधायचा. ही पावडर ज्या झाडांची, ती नराची झाडं बाजूच्या लहान नेटात. फक्त चाळीस. त्याले कुलूप. कारण कंपनीचं सारं गुपित त्या चाळिसात. त्यातलं एक जरी दुसऱ्याच्या हाती लागलं तं यांची पाच-सात वर्षांची मेहनत पाण्यात.

कुलपाची एक किल्ली ताहेराजवळ, दुसरी पंजाबरावांच्या घरी खुंटीवर. ताहेरा बायांची मुकादमीण. रोज सकाळी नऊले ती नराची झाडं मोजते, रजिस्टरात आकडा लिहिते अन् खाली सही करते. बुधवारीही लिहिलं होतं, चाळीस. अन् दुपारी तीन खड्डे निघाले.

मी सत्यभामाबाई. बुलढाणा डेपोत पंचवीस वर्षं कंडक्टर होती. ताहेराच्या भिंतीले माही भिंत लागून आहे. शनिवारी सकाळी पंजाबराव माह्या ओट्यावर येऊन बसले, तेव्हाच समजलं का माणूस काही गळ्यात मारायले आला.

"सत्यभामाबाई, तुमचं ताहेरा ऐकते. जरा समजवा तिले," ते म्हणाले. "कंपनीचे इंद्रभान साहेब आज पाच वाजता जालन्याहून येऊन राह्यले. तोवर या कागदावर सही पाह्यजे. नाही तं गावातले बियाण्याचे सारे प्लॉट उचलून दुसऱ्या गावाले देतो म्हणतात."

कागद घेतला अन् वाचला. टाइप केलेला. 'माझ्या संगनमताने सदर झाडे बाहेर गेली असून मी चूक कबूल करते.'

"पंजाबराव, हे तं चोरी कबूल करणं झालं."

"अवो, पोलिसात नाही देत म्हणाले. कागदच तं आहे."

"कागदच आहे ना? मंग तुम्ही करा सही."

मी चपला घातल्या. सही घ्यायले नाही, चोर पाहायले निघाली.

२

ताहेरा पोळ्या लाटत होती. मले पाह्यलं अन् हातातला कागदही पाह्यला. लाटणं तसंच आपटलं.

"मावशी, तुमाले बी पाठवलं का त्याईनं? सही नाही करत मी. काल सरपंच येऊन गेले, परवा जमातीचे दोघं. सारे म्हणतात, कर बाई, गावाचं नुकसान नको. माहं झालेलं नुकसान कोणाले दिसत नाही? नवरा गेला तेव्हापासून बारा वर्षं राबली मी त्या नेटात. कोणाची एक मिरची कधी पदरात बांधली नाही."

"मी सही मागितली का तुले?"

"हातात काय आहे मंग?"

कागद चुलीजवळ ठेवला. "हे तुही राख काढायले. आता बस, अन् पहिल्यापासून सांग."

ती बसली. बारा वर्षांत मी या बाईले रडतानी पाह्यलं नव्हतं, अन् त्या दिवशीही ती रडली नाही. आवाज मात्र फाटला होता.

बुधवारी दुपारी तीनले हैदराबादच्या एका रोपवाटिकेत कंपनीच्या माणसांनी तीन मिरचीची झाडं पकडली. कोणीतरी आधीच चुगली केली होती. रोपवाटिकेवाला एवढंच बोलला का माल देऊळघाटचा आहे. मंग त्यानं वकील बोलावला अन् तोंड शिवून घेतलं.

हैदराबादहून लगेच गजेंद्रले फोन आला. गजेंद्र म्हणजे कंपनीचा इथला फील्ड ऑफिसर. चिखलीचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर कायम काळी बॅग. गावात आला का पंजाबरावांकडेच मुक्काम. सोमवारपासून तो तिथंच होता.

"फोन आला तसा धावत आला," ताहेरा सांगू लागली. "म्हणाला, किल्ली द्या. मी बी आत चालली होती. तं म्हणे, तुम्ही सारे बाहेर थांबा, पायाचे ठसे मोडतील. एकटाच गेला. दहा मिनटांनं ओरडत बाहेर आला, तीन गेली म्हणून."

"बॅग होती खांद्यावर?"

"त्याची बॅग कधी खाली उतरते का?"

मी ते डोक्यात ठेवलं. "पण तूच काऊन? दुसरी किल्ली तं पंजाबरावांकडे आहे."

"नऊ वाजता चाळीस लिहिले ना मी. म्हणजे झाडं नऊच्या नंतर गेली. नऊच्या नंतर किल्ली माह्याजवळ, अन् खुंटीवरची पंजाबरावांच्या डोळ्यासमोर. गजेंद्र दिवसभर त्याईच्याच ओसरीवर हिशोबाच्या फायली घेऊन बसला होता. तेच गवाही देतात."

"अन् नऊले इथं असलेलं झाड तीनले हैदराबादले कसं गेलं? सहाशे किलोमीटर आहे जवळपास. रात्रभराची गाडी लागते."

"विमानानं," ताहेरा म्हणाली, अन् एक दुसरा कागद माह्यापुढे टाकला. "अन् ते विमान गाठून देलं माह्या मतीननं."

३

मतीन म्हणजे ताहेराचा भाचा. तिशीचा, तोंडाळ, पण दिलाचा साफ. बुलढाण्याहून संभाजीनगरच्या विमानतळावर लोकांले सोडायची त्याची टॅक्सी आहे. बुधवारी तो खरंच तिथं गेला होता. दुपारी एकले एका डॉक्टरले सोडलं. एवढ्यावरून कंपनीनं साखळी जुळवली का आत्यानं उपटलं, भाच्यानं नेलं, अन् तिथं कोणीतरी घेऊन विमानात बसलं.

तो कागद मी चष्मा लावून पाह्यला. गजेंद्रनं मोबाइलवर शोधून छापून आणलेला. इंद्रभान साहेबांनी त्याच्यावर लाल पेनानं रेघाही मारल्या होत्या. संभाजीनगर विमानतळ ते हैदराबाद विमानतळ. हवाई अंतर चारशे बत्तीस किलोमीटर. विमानाने लागणारा वेळ एक तास दोन मिनिटे. खाली एक सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाजूले गजेंद्रच्या अक्षरात बेरीज केलेली होती. नऊले निघाले, चार तास गाडी, एक तास विमान, दोन वाजता हैदराबाद, तीनले रोपवाटिका.

बेरीज बरोबर होती. चवथीतल्या पोरालेही जमली असती.

मी मतीनले बोलावलं. तो आला तोच पेटलेला.

"मावशी, मले कोणी विचारलंच नाही! मी ओरडून ओरडून सांगतलं त्याईले. म्हणे, तू गप बस, तू आरोपी आहेस. अरे, पण ज्याले विचारायचं त्यालेच गप बसवता का बे?"

"काय सांगत होता तू?"

"का बुधवारी दुपारी हैदराबादचं विमानच नव्हतं! सकाळचं पावणेनऊच्या आत उडून गेलं. दुसरं संध्याकाळी. मंधात काही नाही. रोज तिथंच उभा राहतो मी, मले माहीत नाही का? मुंबईवरून फिरून जायचं म्हणलं तं पोचाले रात्र होते."

मी टाळीच वाजवली. पंचवीस वर्षं मी हेच भांडण ऐकलं होतं. प्रवासी यायचा, म्हणायचा, बाई, शेगाव तं दीड तासाचं आहे, मंग मले घरी पोचाले चार तास काऊन लागले? अरे भल्या माणसा, गाडीले किती वेळ लागते ते वेगळं, अन् गाडी सुटते कधी ते वेगळं. दीड तासाची गाडी दुपारी तीनले सुटत असन तं बारापासून थांब्यावर बसून तू काही लवकर पोचत नाही. मोबाइलवरचा तो कागद म्हणजे अंतराचं कोष्टक. कोणत्याही दोन विमानतळांमंधी रेघ मारते अन् तासाचा आकडा देते. तिथून विमान उडते का नाही, कोणत्या वाराले उडते, हे त्याले विचारलेलंच नाही. गजेंद्रनं कोष्टक पाह्यलं अन् त्याले टाइमटेबल समजला. जो कधी विमानात बसला नाही, त्याचीच ही चूक.

"सुटली ग ताहेरा!" मी म्हणलं. "नऊनंतर निघालेलं झाड तीनले तिथं पोचूच शकत नाही. म्हणजे झाडं नऊच्या आधी गेली. आदल्या संध्याकाळी, रातच्या गाडीनं."

ताहेरा हसली नाही. तिचं तोंड उतरलं.

"मावशी, तुम्ही मले अजूनच अडकवलं," ती हळू म्हणाली. "झाडं आदल्या संध्याकाळी गेली असतीन, तं मंग बुधवारी नऊले मी चाळीस कशी लिहिली?"

मी चष्मा काढून तिच्यासमोर बसली.

"खरंच मोजली होती?"

"अल्लाकसम. एक-एक. चाळीस उभी होती."

४

जेवण कोणाले गोड लागलं नाही. दुपारी साडेतीनले मी पंजाबरावांकडे गेली अन् म्हणलं, सही पाह्यजे ना, मंग लहान नेट उघडा, मले अन् ताहेराले आत जाऊ द्या. ते कुरकुरले, पण किल्ली घेऊन आले. गजेंद्र इंद्रभान साहेबांले आणायले चिखलीच्या फाट्यावर गेला होता, हे आमचं नशीब.

आत ऊन गाळून येत होतं. चार ओळी, दहा-दहा झाडांच्या. पार आतल्या कोपऱ्यात शेवटचे तीन खड्डे.

"मोजतानी तू कुठी उभी राहते?" मी ताहेराले विचारलं.

"दारात. बोटानं मोजते. मंग दोन बाया फुलं तोडायले आत येतात."

"बुधवारी या तिघांची फुलं तोडली होती?"

ती विचारात पडली. "नव्हती त्याईले फुलं. बोडकी होती. मी म्हणलं, उन्हानं गळाली असतीन. त्या दिवशी पावडर बी कमी भरली."

मी गुडघे टेकून खड्ड्यात हात घातला. म्हातारपणी गुडघे टेकणं काय असते ते माहं मलेच माहीत. माती उकरली. दुसऱ्या खड्ड्यात बोटाले काहीतरी लागलं. बाहेर काढलं, झटकलं. पोपटी रंगाचा लोकरीचा तुकडा, गाठ मारलेला. तिसऱ्या खड्ड्यात अजून एक.

ताहेरानं माह्या हातातून तो ओढूनच घेतला. "हा इथं कसा आला? दोरा फक्त मादीले बांधतात. लहान नेटात दोरा कोणी आणतच नाही, मावशी. कामच नाही त्याचं."

"पोपटी दोरा कोणाचा?"

प्रत्येक बाईचा रंग वेगळा असते. बियाणं खराब निघालं तं कोणाच्या हातचं ते समजावं म्हणून कंपनीनंच लावलेला नियम.

"पुष्पांजलीचा," ताहेरा म्हणाली. पुष्पांजली म्हणजे तिच्याच हाताखालची, तिनंच कामाले लावलेली पोरगी.

मोठ्या नेटात पुष्पांजली आपल्या ओळीत वाकून काम करत होती. मी दोरा तिच्यासमोर धरला. तिनं पाह्यला अन् म्हणाली, "माहाच आहे. कुठी सापडला?"

ना घाबरली, ना चाचरली. मले बरं वाटलं.

"तू लहान नेटात गेली होती का?"

"मी काऊन जाऊ? मले तं पावडर बी ताहेरा आपा आणून देतात." मंग तिनं ओळीच्या मधात बोट दाखवलं. तिथं तीन झाडांची जागा रिकामी होती. "पण तुम्ही दोरा दाखवला म्हणून सांगते. मंगळवारी संध्याकाळी घरी गेली तेव्हा माही ओळ पुरी होती. बुधवारी सकाळी पाहते तं तीन झाडं नाहीत. चांगली दोरे बांधलेली, जोमदार! मी ओसरीवर जाऊन गजेंद्र साहेबाले विचारलं. तं म्हणाले, मर रोग आला होता, मीच उपटली, तपासायले न्यायची आहेत. माह्या झाडाले मर? पानही पिवळं नव्हतं त्याईचं. पण साहेबाले कोण बोलते?"

ताहेरा खाली बसली. मातीतच.

"समजलं का तुले?" मी विचारलं.

"समजलं," ती म्हणाली. "मी मोजली, मावशी. पाह्यली नाही."

५

पाचले इंद्रभान साहेब आले. ठेंगणे, नीटनेटके, जालन्याच्या ऑफिसात बसणारे. गजेंद्रनं त्यांची खुर्ची सावलीत ठेवली. बाया काम थांबवून उभ्या. पंजाबराव घाम पुसत होते.

"सही झाली का?" इंद्रभान साहेबांनी विचारलं.

"नाही झाली," मी म्हणलं. "होणारही नाही. आधी एक फोन लावा."

"तुम्ही कोण?"

"रिटायर कंडक्टर. तुमच्या या कागदावरचं विमान मले दाखवा. संभाजीनगरच्या विमानतळाले फोन लावा अन् विचारा, बुधवारी दुपारी एक ते तीनच्या मधात हैदराबादले कोणतं विमान गेलं."

"बाई, वेळ वाया..."

"एका बाईची बारा वर्षं वाया घालवायले तुम्ही तीन दिवस घेतले. माह्यासाठी दोन मिनटं द्या."

बायांमधून 'हाव' असा आवाज उठला. साहेबांनी फोन लावला. मी म्हणलं, स्पीकरवर. पलीकडच्या पोरीनं गोड आवाजात सांगितलं का सर, त्या दिवशी सकाळचं आठ चाळीसला गेलं, त्यानंतर थेट सायंकाळी होतं, मधे नाही.

इंद्रभान साहेबांनी फोन खाली ठेवला अन् गजेंद्रकडे पाह्यलं. "गजेंद्र, तुम्ही तर एक तासाचं विमान आहे म्हणाला होतात."

"एक तासाचंच आहे साहेब," मी म्हणलं. "फक्त त्या वेळेले नाही."

गजेंद्र हुशार. पटकन सावरला. "मग तर अजूनच सिद्ध झालं, सर! झाडं आदल्या दिवशीच गेली. तरी हिनं सकाळी चाळीस लिहिले. म्हणजे रजिस्टर खोटं. खोटं कोण लिहील? चोरच लिहील ना?"

पंजाबरावांनी मान हलवली. दोन-चार बायांचीही चुळबुळ सुरू झाली. क्षणभर मले वाटलं, गेलं सारं.

ताहेरा पुढं आली. पदर डोक्यावर नीट घेतला.

"चाळीस उभी होती साहेब. मी खोटं लिहिलं नाही. त्यातली तीन नर नव्हती, एवढंच मी ओळखलं नाही. ते चुकलं माहं, ते मी कबूल करते. पण चोरी नाही."

मी दोन्ही दोरे इंद्रभान साहेबांच्या हातावर ठेवले. "हे लहान नेटातल्या खड्ड्यात निघाले. पुष्पांजलीचा रंग. मंगळवारी बाया घरी गेल्यावर कोणीतरी खुंटीवरची किल्ली घेतली. तीन नर काढले अन् पुष्पांजलीच्या ओळीतली तीन मादीची झाडं त्या जागी लावली. फरक दिसू नये म्हणून फुलं-दोरे तोडून बोडकी केली. दारातून मोजणाऱ्याले चाळीस दिसली. हे कोणालेच कधी कळलं नसतं. पण बुधवारी हैदराबादले माल पकडला गेला, अन् फोन आला."

"मग?"

"मंग ती खोटी तीन झाडं तिथं राहू देता येत नव्हती. मादीची झाडं नराच्या जागी सापडली असती तं कोणीही विचारलं असतं का इथं कोणी लावली. ती उपटून टाकली तं मात्र चोरी नऊच्या नंतरची दिसते, अन् नऊच्या नंतर हा माणूस पंजाबरावांच्या ओसरीवर. म्हणून सगळ्यांले बाहेर उभं केलं. पायाचे ठसे मोडतील म्हणे! दहा मिनटं एकटा आत होता. उपटतानी झाडाले राह्यलेले दोन दोरे तुटून मातीत पडले. अन् झाडं बॅगेत."

"सर, काहीही बोलून राह्यल्या या!" गजेंद्र ओरडला. "मरवाली झाडं मी नियमानं काढली. लॅबले दिली."

"कोणत्या लॅबले?" इंद्रभान साहेबांनी विचारलं. "माझ्याकडे तर नमुना आला नाही."

अन् तेवढ्यात पंजाबराव उठले. ज्या माणसानं तीन दिवस ताहेराच्या गळ्याले फास लावला होता, तो माणूस.

"मंगळवारी सहाले तुम्ही माही मोटरसायकल नेली," ते म्हणाले. "बुलढाण्याले औषध आणतो म्हणाले होते. बॅग फुगलेली होती. परत आले तेव्हा औषध नव्हतं, अन् बॅगही रिकामी होती. मी मनात म्हणलं, साहेब आहेत, काय विचारायचं. रातची हैदराबादची ट्रॅव्हल्स तिथूनच जाते ना हो, गजेंद्र साहेब?"

गजेंद्रनं बॅग पोटाशी धरली. एवढंच केलं त्यानं. पण चौदा बायांनी ते पाह्यलं, अन् इंद्रभान साहेबांनीही.

"चला माझ्यासोबत," साहेब म्हणाले. "बोलू आपण. पोलीस ठाण्यातच बोलू."

६

गजेंद्रले गाडीत बसवलं अन् इंद्रभान साहेब परत आले. चेहरा ओशाळा झाला होता. विमानाचा तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"ताहेराबाई, झालं गेलं विसरा. सोमवारपासून तुम्ही परत मुकादमीण. प्लॉट कुठंही जाणार नाहीत, माझा शब्द."

"झालं, साहेब," ताहेरा म्हणाली. "गेलं नाही."

पंजाबराव मधात पडले. "आता कायले ताणतं, ताहेरा? मोठ्या मनानं..."

"दादा, तुम्ही शेवटी खरं बोलले, ते मी विसरणार नाही. पण तीन दिवस बोलले नाही, ते बी विसरणार नाही." मंग ती साहेबांकडे वळली. "मी येते सोमवारी. काम माहं आहे, मी कोणाची मेहरबानी नाही घेत. नराची झाडं आता दारातून नाही मोजणार, एकेका झाडापाशी जाऊन मोजीन. तो माहा कायदा माह्यासाठी. पण एक तुमच्यासाठी बी आहे."

"बोला."

"रोज संध्याकाळी आमच्या पिशव्या तपासतात. डबा उघडून पाहतात. पदर झटकाले लावतात. लेकराले दूध पाजायले घरी जाणारी बाई असली तरी उभं करतात. बारा वर्षं आमी उभ्या राह्यलो. अन् झाडं गेली कशातून? साहेबाच्या बॅगेतून. ते बॅग कोणी कधी उघडली नाही." तिचा आवाज चढला होता, अन् तिनं तो खाली आणला नाही. "उद्यापासून या दारातून जो बाहेर जाईन त्याची पिशवी पाहायची. बाई असो का साहेब. नाही तं कोणाचीच नाही पाहायची."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पत्र काढतो ऑफिसातून."

"पत्र नंतर काढा," ताहेरा म्हणाली. "तुम्ही आता बाहेरच चालले ना?"

साहेबांच्या काखेत तपकिरी चामड्याची बॅग होती. त्यांनी एकदा पंजाबरावांकडे पाह्यलं, एकदा माह्याकडे. मी काऊन मदत करू? मी दुसरीकडे पाह्यलं. दाराशी पुष्पांजली अन् बाकीच्या बाया आधीच रांगेत उभ्या होत्या, आपापल्या पिशव्या घेऊन. साहेबांसाठी त्यांनी पुढं थोडी मोकळी जागा सोडली होती.

ते चालत आले. बॅग दाराजवळच्या बाकड्यावर ठेवली अन् स्वतःच चेन उघडली. ताहेरानं एकेक वस्तू बाहेर काढली. फाइल, चष्म्याची डबी, गोळ्यांची पट्टी, जेवणाचा डबा. डब्याचं झाकण उघडून पाह्यलं. आत एक अर्धी पोळी होती. झाकण लावलं, सारं होतं तसं परत ठेवलं, अन् बॅग त्यांच्या हातात दिली.

"जा आता," ती म्हणाली, अन् मागच्या बाईची पिशवी घ्यायले हात पुढं केला.